हिंस्र प्राण्यांवरचे भयपट : प्रेक्षकांची मते कशी वाचावीत

एखाद्या हिंस्र प्राण्यावरचा भयपट पाहावा की नाही हे ठरवण्यासाठी आपण प्रेक्षकांची मते चाळायला घेतो आणि पहिल्या आठ-दहा मतांतच गोंधळून जातो. एकाला रात्रभर झोप लागलेली नसते, दुसऱ्याचे हसून हसून पोट दुखलेले असते, तिसऱ्याला प्राणी खोटा वाटलेला असतो आणि चौथ्याला त्यातली माणसे मूर्ख वाटलेली असतात. ही मते एकमेकांना खोडून काढतात असे वरवर दिसते. प्रत्यक्षात ती बहुधा एकाच प्रश्नाची उत्तरे नसतातच. या प्रकारच्या चित्रपटाविषयी लिहिताना प्रेक्षक तीन निरनिराळे निवाडे एकाच वाक्यात कालवतो : भीती वाटली का, प्राणी पटला का, आणि पडद्यावरची माणसे अकलेने वागली का. मत वाचणाऱ्याने हे तीन निवाडे आधी वेगळे काढावेत आणि आपल्याला त्यांपैकी कोणत्याशी कर्तव्य आहे ते ठरवून मगच त्या मताला किंमत द्यावी.

हे कसे करायचे ते दाखवण्यासाठी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ हा माणसांवर हल्ले करणाऱ्या शार्कवरचा १९७५ सालचा चित्रपट येथे घेतला आहे. पन्नास वर्षे लोक त्यावर मते मांडत आलेले आहेत आणि त्याच्या निर्मितीची हकिकतही भरपूर नोंदली गेलेली आहे, त्यामुळे प्रेक्षकाची एखादी तक्रार कितपत खरी आहे हे ताडून पाहता येते. चित्रपट ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढी सूचना पुरे की पुढील मजकुरात त्यातल्या काही प्रसंगांचा आणि शेवटाचाही उल्लेख येणार आहे.

तक्रारीपासून सुरुवात करावी

स्तुतीपेक्षा तक्रार अधिक उपयोगी पडते, कारण स्तुती करताना माणूस विशेषणांवर भागवतो, पण तक्रार करताना त्याला काहीतरी नेमके सांगावेच लागते. प्राण्यांच्या भयपटांविषयी सर्वांत जास्त वेळा होणारी तक्रार म्हणजे ‘प्राणी फारसा दिसतच नाही’. ‘जॉज’ सुमारे १२४ मिनिटांचा आहे आणि त्यातला शार्क नीट, समोरासमोर दिसायला जवळजवळ ऐंशी मिनिटे जावी लागतात. तेव्हा ही तक्रार वस्तुस्थिती म्हणून बरोबरच आहे. मात्र तिच्यावरून चित्रपट वाईट ठरतो का, हे सर्वस्वी वाचणाऱ्याच्या आवडीवर अवलंबून आहे. ज्याला दात, जबडा आणि रक्त पाहायचे आहे त्याच्यासाठी ही तक्रार म्हणजे इशारा. ज्याला न दिसणाऱ्या गोष्टीची धास्ती आवडते त्याच्यासाठी तेच वाक्य शिफारस ठरते.

शार्क दिसत नाही यामागचे कारणही जाणून घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड या बेटाजवळ खऱ्या समुद्रात चित्रीकरण सुरू झाले, तेव्हा त्यासाठी बनवलेला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडू लागला. ५५ दिवसांचे ठरलेले चित्रीकरण १५९ दिवसांवर गेले आणि दिग्दर्शकाला शार्कच्या जागी दुसरे काहीतरी दाखवण्यावाचून गत्यंतर राहिले नाही : पाण्याबाहेर आलेला पर, ओढला जाणारा पिवळा पिंप, तुटलेल्या धक्क्याचा तुकडा. रात्री दोन माणसे धक्क्यावरून साखळीला मांसाचा तुकडा बांधून गळ टाकतात तो प्रसंग यासाठी पाहण्याजोगा आहे. साखळी खेचली जाते, धक्का मोडतो, एक जण पाण्यात पडतो, मोडलेल्या फळ्या समुद्राकडे ओढल्या जातात. आणि मग त्या फळ्या सावकाश वळून किनाऱ्याकडे, पोहणाऱ्या माणसाच्या दिशेने येऊ लागतात. शार्कचे नखही दिसत नाही, पण तो वळला आहे हे कोणालाही कळते. एखाद्या मतात असा प्रसंग नेमका आठवून लिहिलेला असेल, तर लिहिणाऱ्याने चित्रपट लक्ष देऊन पाहिला आहे असे धरून चालावे, मग त्याने तारे दोन दिलेले असोत की पाच.

‘कंटाळवाणा’ एवढ्या एकाच शब्दाचे मत सोडून द्यावे. ‘पहिला तासभर गावातले राजकारणच चालते’ असे कोणी लिहिले असेल तर ते ठेवावे, कारण त्यातून चित्रपटाची घडण कळते. ‘जॉज’मध्ये ते खरेच आहे : अ‍ॅमिटी नावाच्या काल्पनिक बेटावरचा महापौर ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, सुट्टीतला धंदा बुडू नये म्हणून किनारा उघडा ठेवण्याचा हट्ट धरतो आणि पोलीसप्रमुख ब्रॉडी त्याच्यापुढे हतबल होतो.

भीती वाटली म्हणजे नेमके काय झाले

‘खूप घाबरलो’ या दोन शब्दांखाली दोन अगदी वेगळे अनुभव लपलेले असतात. एक म्हणजे दचकणे, दुसरे म्हणजे धास्ती. दचकण्याला पूर्वतयारी लागत नाही. अचानक मोठा आवाज झाला की कोणीही दचकतो आणि पाच सेकंदांनी विसरतो. धास्ती मात्र आधीच्या दहा मिनिटांत पेरावी लागते. मतात कोणता अनुभव वर्णिलेला आहे हे ओळखण्याची साधी खूण अशी की धास्ती अनुभवलेला प्रेक्षक घटनेच्या आधीचे काहीतरी सांगतो, तर दचकलेला प्रेक्षक फक्त घटना सांगतो.

‘जॉज’मध्ये दोन्ही आहेत. शार्कचा अभ्यासक हूपर रात्री पाण्याखाली जाऊन बुडत्या होडीच्या तळाचे भोक तपासत असतो आणि त्या भोकातून अचानक एका मृत माणसाचे डोके बाहेर येते, हा निव्वळ दचकवणारा प्रसंग. चित्रपट चाचणीसाठी दाखवून झाल्यावर स्पीलबर्ग यांना प्रेक्षकांकडून आणखी एक किंकाळी हवीशी वाटली आणि त्यांनी हा प्रसंग संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात, पाणी गढूळ दिसावे म्हणून त्यात दूध मिसळून, पुन्हा चित्रित केला. तो आजही काम करतो, पण एकदाच. दुसऱ्यांदा पाहताना त्यात फारसे काही उरत नाही.

किनाऱ्यावरचा प्रसंग याच्या अगदी उलट आहे. ब्रॉडी वाळूत खुर्ची टाकून पाण्याकडे डोळे लावून बसलेला असतो. त्याच्यासमोरून माणसे ये-जा करतात आणि प्रत्येक जण समोरून गेला की दृश्य थोडे अधिक जवळ सरकलेले असते. गावकरी त्याच्या कानाशी येऊन आपापली गाऱ्हाणी सांगत असतात आणि तो त्यांच्या खांद्यावरून समुद्राकडे पाहण्याचा प्रयत्न करीत असतो. एक मुलगा पिवळ्या तराफ्यावर पोटावर पडून हातांनी पाणी कापत आत गेलेला आहे. एक तरुण पाण्यात काठी फेकून आपल्या कुत्र्याला ती आणायला लावत आहे. मग तो तरुण ‘पिपेट, पिपेट’ अशा हाका मारू लागतो आणि पाण्यावर एकटी काठी तरंगताना दिसते. पुढे जे होते ते होण्याआधीच पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो. हा प्रसंग वर्णन करणारे मत, मग ते कितीही मोडक्यातोडक्या भाषेत असो, चित्रपटाविषयी खूप काही सांगून जाते.

प्रेक्षकाचे शब्द आणि त्याचे शरीर यांत तफावत असते, हेही ध्यानात ठेवावे. डॅलस येथील चाचणी-खेळाच्या वेळची एक आठवण स्पीलबर्ग सांगत आलेले आहेत : एक प्रेक्षक मध्येच उठून बाहेर पळाला, बाहेरच्या दालनात त्याला उलटी झाली आणि त्यानंतर तो परत आत जाऊन आपल्या खुर्चीवर बसला. घरी जाऊन त्याने कोणाला काय सांगितले असेल ते सांगता येत नाही, पण तो परत आत गेला हेच दिग्दर्शकाला पुरेसे वाटले. त्याचप्रमाणे ‘आम्ही सगळे हसत होतो’ हे वाक्यही सरसकट निंदा म्हणून वाचू नये. ताण सुटल्यावर येणारे हसू आणि रबरी प्राण्याला पाहून येणारे हसू यांत फरक आहे. कोणत्या क्षणी हसलो हे लिहिले नसेल, तर त्या हसण्यावरून काहीच ठरवू नये.

आवाजाविषयी काही लिहिले आहे का, हे तर मी पहिल्यांदा पाहतो. जॉन विल्यम्स यांची दोन स्वरांची ती प्रसिद्ध धून खरा शार्क जवळ असतानाच वाजते. दोन पोरे पुठ्ठ्याचा पर लावून लोकांना घाबरवतात तेव्हा ती वाजत नाही. अशा रीतीने प्रेक्षकाला त्या धुनेवर विसंबायची सवय लावली जाते आणि मग ब्रॉडी होडीच्या मागच्या बाजूस उभा राहून पाण्यात माशांचे तुकडे टाकत असताना, कसलीही धून न वाजता, शार्क एकदम डोके वर काढतो. ज्याने हा चित्रपट भ्रमणध्वनीवर, आवाज कमी ठेवून, मधूनमधून निरोप वाचत पाहिला, त्याला यातले अर्धेही मिळालेले नसते आणि त्याचे ‘विशेष काही नाही’ हे मत प्रामाणिक असूनही कामाचे नसते. आपल्याकडे असे चित्रपट अनेकांनी दूरचित्रवाणीवर हिंदी आवाजात आणि जाहिरातींच्या मध्यंतरांसह पाहिलेले आहेत. त्यांच्या मतातही हा फरक गृहीत धरावा.

प्राणी पटला का, हा प्रश्न दुहेरी आहे

प्राणी दिसायला खरा वाटला का, हा त्याचा एक भाग. येथे चित्रपटाचे वर्ष पाहावे. १९७५ सालच्या यांत्रिक शार्कला आजच्या संगणकीय चित्रणाच्या मापाने मोजणारे मत चुकीचे नसते, पण त्यातून चित्रपटाविषयी कमी आणि पाहणाऱ्याच्या सवयीविषयी जास्त कळते. शिवाय ‘जॉज’मध्ये काही खरे शार्कही आहेत : रॉन आणि व्हॅलेरी टेलर या दांपत्याने ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात त्यांचे चित्रण केले होते आणि शार्क मोठा भासावा म्हणून त्या दृश्यांत लहान पिंजरा आणि ठेंगणा माणूस वापरला होता.

प्राणी वागायला खरा वाटला का, हा दुसरा भाग आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा. चित्रपटातला शार्क २५ फुटी सांगितलेला आहे. मोठे पांढरे शार्क साधारण २० फुटांपर्यंत वाढतात. एवढी सूट कोणीही देईल. परंतु एकाच किनाऱ्यावर ठाण मांडून माणसे हेरणारा, सूड उगवावा तसा होडीचा पाठलाग करणारा शार्क ही कल्पना आहे. जगभरात माणसाने न डिवचता शार्कने चावा घेतल्याच्या घटना वर्षाला शंभराच्या आत नोंदवल्या जातात आणि त्यांतल्या फार थोड्या जीवघेण्या असतात. ज्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला तिचे लेखक पीटर बेंचली यांनी पुढील आयुष्यात शार्कच्या संरक्षणाची बाजू लावून धरली, आणि २०२२ साली बीबीसीच्या एका मुलाखतीत खुद्द स्पीलबर्ग यांनीही चित्रपटामुळे शार्कची जी हानी झाली तिच्याबद्दल खंत व्यक्त केली. त्यामुळे ‘भीती उत्तम, पण प्राण्यावर अन्याय’ असे मत वाचनात आले तर ते कुरकुर म्हणून झटकून टाकू नये.

अशा वेळी लिहिणारा त्या प्राण्याच्या किती जवळ राहतो, हे कळले तर फार उपयोग होतो. बिबट्यावरचा चित्रपट जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यातला शेतकरी आणि मुंबईतल्या विसाव्या मजल्यावरचा रहिवासी एकाच नजरेने पाहणार नाहीत. संध्याकाळी शेतात पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि सोबत घेऊन जाणाऱ्याला पडद्यावरच्या बिबट्याची डरकाळी खोटी वाटेल, कारण त्याला ठाऊक असलेला बिबट्या आवाज न करता येतो आणि कुत्रे उचलून निघून जातो. असे मत एखाद-दुसरेच सापडते. सापडले तर ते संपूर्ण वाचावे.

‘सत्य घटनेवर आधारित’ या शिक्क्याला भुललेली मते वेगळी ठेवावीत. केनियातील त्सावो येथे १८९८ साली रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंहांनी मजुरांना मारले आणि त्या मजुरांत मोठ्या संख्येने हिंदुस्थानातून नेलेले लोक होते. या घटनेवरचा ‘द घोस्ट अँड द डार्कनेस’ हा चित्रपट १९९६ साली आला व त्यात ओम पुरी यांची भूमिका आहे. घटना खरी आहे. परंतु सिंहांना मारणारे अभियंते पॅटरसन यांनी पुढे सांगितलेला १३५ बळींचा आकडा आणि सिंहांच्या हाडा-केसांच्या परीक्षणावरून २००९ साली काढलेला सुमारे ३५ चा अंदाज यांत बरेच अंतर आहे. शिवाय त्या सिंहांना आयाळ नव्हती आणि चित्रपटातल्या सिंहांना आहे. ते खरे सिंह शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये भुसा भरून ठेवलेले आहेत. ‘हे सगळे प्रत्यक्ष घडले आहे’ अशा भरवशावर दिलेले पाच तारे म्हणूनच थोडे उतरवून घ्यावेत.

माणसांच्या मूर्खपणाची तक्रार

‘कोणीही शहाणा माणूस तिकडे गेलाच नसता’ हे वाक्य या प्रकारच्या प्रत्येक चित्रपटाला चिकटलेले असते. येथे एकच गोष्ट तपासावी : पात्र मूर्खपणा करते ते कथेला पुढे ढकलण्यासाठी, की त्याचा त्यात काही स्वार्थ आहे म्हणून? पहिल्या प्रकारची तक्रार ग्राह्य धरावी. दुसऱ्या प्रकारात तो मूर्खपणा हाच चित्रपटाचा विषय असू शकतो. ‘जॉज’मधल्या महापौराला पूर्वी अनेक जण अतिरंजित समजत, कोविडच्या काळात टाळेबंदी कधी उठवावी यावर वाद सुरू झाले तेव्हा तेच पात्र लोकांना एकाएकी ओळखीचे वाटू लागले.

शेवटाबद्दलचा वाद मात्र जुनाच आहे. शार्कच्या तोंडातली हवेची टाकी गोळी लागून फुटते आणि त्याच्या चिंधड्या उडतात, हे बेंचली यांनाही मान्य नव्हते; त्यांच्या कादंबरीत शार्क जखमांनी मरतो. शेवट अशक्य आहे असे म्हणणारा प्रेक्षक त्यामुळे चांगल्या संगतीत आहे, पण तेवढ्यासाठी आधीचे दोन तास बाद करणाऱ्याचे मत मी तरी धरत नाही.

आकडे, वर्षे आणि प्रमाणपत्र

आकड्यांविषयी थोडक्यातच सांगायचे तर रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरील टक्केवारी म्हणजे गुणांची सरासरी नव्हे, किती टक्के समीक्षकांचे मत अनुकूल आहे त्याचे ते प्रमाण असते. ‘बरा आहे’ असे नव्वद टक्के लोक म्हणाले तरी आकडा नव्वदच येतो. आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळावरील आकडा प्रेक्षकांनी दहापैकी दिलेल्या गुणांची भारित सरासरी असते, म्हणजे तीत सगळ्यांच्या गुणांना सारखेच वजन नसते. भयपट लोकांना दोन टोकांना नेतो, त्यामुळे मधला आकडा फसवा ठरतो. शक्य असेल तेथे दहा आणि एक गुण देणारे किती आहेत हे पाहावे, आणि मजकूर मात्र चार ते सात गुण देणाऱ्यांचा वाचावा, कारण काय आवडले आणि काय नाही हे दोन्ही तेच लिहितात. प्रदर्शनाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतली मते ही मुद्दाम रांग लावून गेलेल्या शौकिनांची असतात. महिन्याभरानंतरची मते अधिक निवांत असतात.

मुलांना दाखवायचे असेल तर जुन्या परदेशी प्रमाणपत्रावर विसंबू नये. ‘जॉज’ला अमेरिकेत पीजी हे सौम्य प्रमाणपत्र मिळालेले आहे, परंतु त्याच्या वरची पीजी-१३ ही पायरी तेथे १९८४ साली, म्हणजे नऊ वर्षांनंतर आली. आपल्याकडेही २०२४ पासून यूए प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत; नव्या चित्रपटांना ते लागू पडतात, जुन्यांच्या बाबतीत पालकांची मतेच शोधावी लागतात. ज्यांना पडद्यावर कुत्र्यामांजराचा मृत्यू सहन होत नाही त्यांच्यासाठी ‘डझ द डॉग डाय’ नावाचे एक संकेतस्थळच आहे आणि तेथील नोंदी प्रेक्षकच करतात. लहान मुलांच्या बाबतीत मला ते प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी वाटते.

आपले मत लिहायचे झाल्यास

इतरांची मते अशी पारखून घेतल्यावर स्वतःचे मत लिहिताना तीच कसोटी लावावी. चित्रपट पाहून झाल्यावर, दुसऱ्या कोणाचे काही वाचण्यापूर्वी, तीन निवाडे तीन वाक्यांत लिहून ठेवावेत. ते एकमेकांशी जुळले नाहीत तरी हरकत नाही. ‘प्राणी खोटा, माणसे बरी, भीती मात्र खरी’ असेही मत असू शकते. कोठे पाहिला, कोणत्या भाषेत, मोठ्या पडद्यावर की घरी, एकट्याने की सोबतीने, हे एका ओळीत सांगावे. त्यानंतर एक प्रसंग निवडून तो जवळून लिहावा. ‘जॉज’बद्दल लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना सर्वांत भीतिदायक वाटतो तो प्रसंग शार्कचा नाहीच : होडीत रात्री क्विंट हा शार्क मारणारा कोळी दुसऱ्या महायुद्धातल्या ‘इंडियानापोलिस’ या अमेरिकी युद्धनौकेच्या बुडण्याची आठवण सांगतो, एवढाच तो प्रसंग आहे. त्याच्या तोंडी जूनची २९ तारीख आहे, नौका खरे तर १९४५ च्या ३० जुलैला बुडाली. ही चूक अवश्य नोंदवावी, पण तिच्यापायी प्रसंगाचे गुण कापू नयेत.

शेवट उघड करायचा असेल तर तशी सूचना मथळ्यातच द्यावी आणि तो मजकूर पहिल्या चार-पाच ओळींत येऊ देऊ नये, कारण बहुतेक ठिकाणी मताच्या पहिल्या ओळी न उघडताही वाचता येतात.